रजिस्टरातले वासरू आणि दिवाणाचा उजवा डोळा

प्रति,
मा. जिल्हा पशुसंवर्धन अधिकारी साहेब,
वर्धा यांचे सेवेशी

अर्जदार : धुरपता लहानू थूल, वय ४८, धंदा मजुरी, मु. पळसटोक, पो. भुईखेड, ता. आष्टी

विषय : दिवाण नावाच्या कुत्र्याचा उजवा डोळा तपासून मिळणे व त्यासाठी रजिस्टरातले वासरू कमी करणेबाबत.

संदर्भ : भुईखेड दवाखान्याचा केसपेपर, दि. २२ ऑगस्ट १९८३ (त्यात वासरू लिहिले आहे, ते कुत्रा वाचावे).

महोदय,

सविनय अर्ज करते ते येणेप्रमाणे.

१. मी चौथी पास आहे. पुढचे शिक्षण औषधाच्या खोक्यातले कागद वाचून आणि कव्हर फाटलेल्या एका जनावरांच्या पुस्तकावरून झाले. पळसटोकात कोणाच्या बैलाच्या, शेळीच्या, कुत्र्याच्या डोळ्याला काही झाले की माझ्या ओसरीत आणतात. मी हुशार आहे म्हणून नाही, दवाखाना सात मैल लांब आहे म्हणून. मी जनावर सावलीत बसवते. आधी चांगला डोळा पाहते, मग दुखरा, म्हणजे फरक कळतो. चिपडे पिवळी आहेत की नुसते पाणी, पापणी आत वळून केस टोचतात काय, कडेला गोचीड आहे काय, नाकाकडच्या आतल्या पडद्यामागे गवताचे कुसळ अडकले आहे काय, हे पाहते. जनावर डोळा उघडतच नसेल तर बुबुळाला जखम आहे असे धरते. तंबाखू चघळून दुखऱ्या डोळ्यात थुंकण्याची आमच्याकडे पद्धत होती, ती मी गावात बंद केली. फक्त सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकले नाही.

२. दिवाण हा पाच वर्षांचा, मातकट रंगाचा गावठी कुत्रा. कोणाच्या घरी जनावर पाहायला निघाले की तो पुढे चालतो आणि वळणावर थांबून मी येते की नाही ते पाहतो. तपासणी चालू असताना असा बसतो की जणू त्यालाच विचारून औषध ठरणार आहे. त्यावरून गावाने हे नाव ठेवले.

३. गेल्या दिवाळीत त्याच्या डाव्या डोळ्यात कुसळ गेले. ते मी ओल्या धोतराच्या टोकाने काढले. इथपर्यंत माझे बरोबर होते. डोळा लाल राहिला म्हणून मी शिबिरातली ट्यूब घातली. साहेब, आमच्या गावात मोतीबिंदूचे शिबीर झाले होते. माझ्या मालकांसकट अकरा म्हाताऱ्यांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले आणि प्रत्येकाला एक ट्यूब मिळाली. म्हातारे बरे झाले, ट्यूबा उरल्या. मग रांजणवाडीला तीच, शेळीला तीच, पोरांच्या खरजेलाही तीच. दिवाणाची लाली दोन दिवसांत गेली. आळीतल्या बाया म्हणाल्या, "धुरपताबाईच्या हाताले गुण आहे." सहाव्या दिवशी बुबुळ निळे-पांढरे पडले. आठव्या दिवशी डोळा फुटला.

नंतर तळेगावच्या दुकानातून त्या ट्यूबीच्या खोक्यातला कागद मागून आणला. इंग्रजी होता. मास्तरांनी वाचून सांगितले की बुबुळाला जखम असल्यास हे औषध घालू नये. लाली जाते आणि आत जखम वाढते. सबब डावा डोळा माझ्या हाताने गेला. त्याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

४. आता उजवा. ऑगस्टपासून पाणी गळते, उजेड सहन होत नाही, बुबुळावर ठिपका आहे. मी उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याशिवाय काही घातले नाही. हिंमतच होत नाही. तळेगावच्या बाजारात जनावरांची तपासणी झाली होती, तेव्हा एका डॉक्टरांनी पिवळ्या कागदाची पट्टी भिजवून बैलाच्या डोळ्याला लावलेली मी पाहिली. जखम होती तेवढीच जागा कोवळ्या वाटाण्यासारखी हिरवी दिसली. मला ती पट्टी लावून हवी आहे. एवढेच काम होते.

५. मी दिवाणाला घेऊन भुईखेडला पायी गेले. डॉक्टरसाहेब फक्त गुरुवारी येतात. केसपेपर आधी काढावा लागतो. ड्रेसर हिरालालभाऊंनी रजिस्टर उघडले आणि म्हणाले, "बाई, इथं बैल आहे, गाय आहे, म्हैस आहे, शेळी आहे, कोंबडीबी आहे. कुत्र्याले रकानाच नाई. वासरू लिहून देतो, बिघडते काय?" मी म्हटले, लिहा. माणूस चांगला आहे, त्याने माझे कामच केले. चूक दोघांची.

६. गुरुवारी डॉक्टरसाहेबांनी कागद पाहिला, दिवाण पाहिला, पुन्हा कागद पाहिला. म्हणाले, "कागद आहे त्याचं जनावर नाही, जनावर आहे त्याचा कागद नाही. मी तपासू कोणाला? उद्या ऑडिटला काय सांगू? आधी वासरू कमी करून आणा." ठिपका तेव्हा तिळाएवढा होता.

७. वासरू कमी करायला ग्रामसेवक भैय्याजींकडे गेले. ते म्हणाले, "मेलं असन तर पंचनामा करतो, इकलं असन तर पावती देतो, चोरीले गेलं असन तर पोलीस पाटलाले सांगतो. पण जे झालंच नाई त्याचा दाखला कोन्या फारमावर देऊ?" मी म्हटले, मंग मेलं म्हना. ते म्हणाले, "पंचनाम्याले मढं लागते, धुरपताबाई." ठिपका ज्वारीएवढा.

८. पुढच्या आठवड्यात खुरकताची लस टोचणारे गुलाबभाऊ आले. दवाखान्याच्या रजिस्टरावरून केलेल्या त्यांच्या यादीत आमचे वासरू होते. मी निंदणाला गेले होते. सरकारी माणूस दारात पाहून माझे मालक घाबरले आणि "चरायले गेलं" असे सांगून बसले. गुलाबभाऊंना आणखी नऊ गावे फिरायची होती. त्यांनी चहा घेतला आणि केसपेपरवर लिहिले : "वासरू पाहिले. लस टोचली. दोन्ही डोळे स्वच्छ. प्रकृती उत्तम." दिवाण तेव्हा खाटेखाली, उजेडाकडे पाठ करून बसला होता. मी आल्यावर मालकांना विचारले, "काऊन खोटं सांगतलं?" ते म्हणाले, "तूच त लिहून आली वासरू."

९. त्यानंतरच्या गुरुवारी डॉक्टरसाहेब म्हणाले की डोळे स्वच्छ झाल्याची नोंद आल्यामुळे केस बंद झाली. मी दिवाणाचे तोंड वर करून धरले. त्यांनी पाहिले. पाहून मान खाली घातली, हे मी सांगितले पाहिजे. ठिपका तुरीच्या डाळीएवढा झाला होता. वर्ध्याला आणावे तर यष्टीत कुत्रा घेत नाहीत. वासरू तर घेणारच नाहीत.

तरी विनंती की,

(अ) सदर वासरू रजिस्टरातून कमी करावे. तसे फारम नसल्यास त्याला साहेबांनी आपल्या अधिकारात मरू द्यावे.

(आ) दौऱ्यावर याल तेव्हा पिवळी पट्टी सोबत आणावी. दिवाण चावत नाही. मी धरीन.

(इ) शिबिरातल्या ट्यूबांवर, जखमेच्या डोळ्यात घालू नये, हे मराठीत, मोठ्या अक्षरात छापण्याबद्दल वरती लिहावे. हे खाते आपले नाही, मला माहीत आहे. पण मी ज्याला लिहू शकते असा साहेब आपणच आहात.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी नम्र,
धुरपता लहानू थूल
पळसटोक, दि. ३ ऑक्टोबर १९८३

सोबत : १) केसपेपरची हातनक्कल. २) ट्यूबीच्या खोक्यातला कागद. ३) तीळ, ज्वारी, तुरीची डाळ, प्रत्येकी एक, पुडीत बांधून. ठिपक्याचे माप म्हणून.

ता. क. : दि. ६ ऑक्टोबर, गुरुवार. मास्तरांनी शुद्धलेखन तपासायला ठेवून घेतल्याने अर्ज टाकायचा राहिला होता. काल सकाळी उजवा डोळाही फुटला. आता पुडीत चौथा दाणा घालण्याची गरज नाही. मागणी (आ) रद्द समजावी. (इ) कायम आहे.

आज मी कवडूच्या शेळीचा डोळा पाहायला निघाले तर दिवाण पुढे चालला. वळणावर थांबला आणि मागे तोंड करून उभा राहिला, मी हाक देईपर्यंत.

मागणी (अ) पण मी परत घेते. वासरू राहू द्यावे. त्याच्या कागदावर दोन्ही डोळे स्वच्छ लिहिले आहेत. ते कोणी खोडू नये.