मागून सुटणारी गाडी

बंगळूर
३ नोव्हेंबर २०२४

ती. महांतप्पामामांस,
मोनिकाचा शि. सा. न. वि. वि.

मी इकडं खुशाल आहे. फोनवर बोलायचं तर मला किंचाळावं लागतं आणि तुम्ही ‘व्हय, व्हय’ म्हणून भलत्याच गोष्टीला होकार देता. आई सांगते, कानाचं यंत्र तुम्ही डबीत घालून देवळीत ठेवलंय. म्हणून हे पत्र.

एक सल्ला पाहिजे. आमच्या लीगच्या गाड्या देशातल्या सगळ्यात वेगवान, पण बघायला माणूस नाही. मागच्या रविवारी स्टँडमध्ये माणसांपेक्षा खुर्च्याच जास्त होत्या. जो पुढून सुटतो तोच शेवटपर्यंत पुढं, बाकीचे त्याच्या मागं वरातीसारखे. लीग चालवणाऱ्या साहेबांनी आम्हा सगळ्या ड्रायव्हरांना बोलावलं आणि म्हणाले, की लोकांना मजा कशानं येईल ते तुम्हीच सांगा, नाहीतर पुढच्या वर्षी लीग असेल असं समजू नका. कुणी गाण्याचा कार्यक्रम ठेवायला सांगितला, कुणी गाड्यांचा आवाज वाढवायला. शाहिस्ता म्हणाली, आधी स्टँडवर सावली करा आणि बायकांसाठी संडास बांधा. सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

शाहिस्ता म्हणजे परंड्याची, माझ्याच खोलीत राहते. सोलापूरला कॉलेजात आम्ही दोघींनी मिळून गाडी बनवली होती, ती आठवते ना? प्रत्येक टीममध्ये एक मुलगी पाहिजेच असा इथला नियम. म्हणून दोघींना जागा मिळाली, पण वेगवेगळ्या टीममध्ये. ट्रॅकवर ती माझी दुश्मन आणि खोलीवर माझ्या वाट्याची शेंगाची चटणी संपवणारी.

तुम्ही इतकी वर्षं यात्रेतल्या कुस्त्या भरवता. दिवस बुडेपर्यंत फडातला माणूस हलत नाही. ते कसं काय, तेवढं लिहा.

मामींना नमस्कार. माया आहेच, ती तशीच राहू द्या.

तुमची,
मोनिका


जळकोट, ता. तुळजापूर
१४ नोव्हेंबर २०२४

चि. मोनिका हिस,
मामाचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पावलं. आदी तुझ्या आईनं वाचलं, मग मला दिलं. यंत्राचं म्हणशील तर ते कानात घातलं की भांड्यांचा आवाज लई येतो आणि तुझ्या मामीचाबी.

आता तुझं काम. माणूस ताकद बगायला येत न्हाय. ताकद बैलातबी असती. पुढं काय हुईल ते ठावं नसतं, म्हणून माणूस बसून राहतो. म्या जोड लावताना मोठा गडी कधी आदी सोडत न्हाय. पहिल्यांदा रेवड्यांवरच्या बारक्या पोरांच्या कुस्त्या, मग वाढत वाढत जायचं, नामांकित पैलवान सगळ्यात शेवटाला. तुमच्यात उलटंच दिसतंय. जो जोराचा त्यालाच पुढं उभा करायचा! मग कोण कशाला बगल? जोराची गाडी सगळ्यात मागं उभी करा. येऊ द्या त्याला वाट काढत. दुनियेला मागनं येणारा गडी आवडतो.

एक इचारायचं राहिलं. आमच्यात पडला तर खाली माती असती, हळद, ताक, तेल घालून मळल्याली. तुमच्यात पडणाऱ्याच्या खाली काय असतं, ते लिही.

तूर काढणीला आली. तुझ्या आईचा गुडघा तसाच. पोटाला नीट खात जा. आठवण काढत असतोच.

तुझा,
महांतप्पामामा


बंगळूर
१६ डिसेंबर २०२४

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मामा, तुमची जोड लागली! मी साहेबांना तुमचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. ते उठून उभेच राहिले. आता रेस दोनदा होते. पहिलीत जो जिंकेल तो दुसरीत सगळ्यात मागून सुटतो. काल मी शेवटून निघाले आणि दुसरी आले. एकेक गाडी मागं टाकत गेले तसा स्टँडमधून आवाज उठायचा, तो हेल्मेटच्या आत, इंजिनाच्या वरून मला ऐकू आला. असलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. साहेब तुम्हाला भेटायचं म्हणतात, जळकोटचा माणूस म्हणून.

आता त्यांना आणखी काय काय सुचतंय. पुढच्या रेसला एका वळणावर मधूनच पाणी सोडणार आहेत, कधी सोडणार ते ड्रायव्हरांना सांगायचं नाही. त्याच वळणाबाहेर खडीची पट्टी होती, भरकटलेली गाडी तिच्यात रुतून थांबायची. ती उखडून तिथं नवा स्टँड केलाय. गाडी तोंडावरून गेल्यासारखी वाटली पाहिजे, असं साहेबांचं म्हणणं.

बैठकीत शाहिस्ता उभी राहिली. एकतर पाणी सोडा नाहीतर खडी काढा, दोन्ही एका वळणावर नको, असं तिनं सरळ सांगितलं. माझ्याकडं बघत होती. मी काही बोलले नाही, मामा. मला मागून येणं आवडायला लागलंय. खोलीवर आल्यावर ती माझ्याच डब्यातली चटणी घेऊन बसली, म्हणजे राग गेला.

जानेवारीतली रेस टीव्हीवर दिसेल. आईला बघायला सांगा. लोभ कमी होऊ देऊ नका.

तुमची,
मोनिका


जळकोट
४ जानेवारी २०२५

चि. मोनिका हिस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

आपल्या भीमाशंकरनं त्याच्या हायवेवरच्या हाटेलात मोठा टीव्ही लावलाय. तुझी मागची रेस त्यानं मोबाईलवरनं काढून त्याच्यावर दाखवली. सगळं गाव जमलं. तुझी पिवळी गाडी पुढं सरकली की पोरं शिट्ट्या मारत होती. मला म्हणत होती, मामा, ही तुमची अक्कल. म्याबी मिशीला पीळ दिला, खोटं कशाला बोलू. तुझी आई मात्र आली न्हाय. म्हणाली, संपलं की सांगा पोर धड हाय का.

पण एक बगितलं, ते लिहितो. गाड्या नुसत्या पळतात तवर पोरं च्या पीत होती, भजी खात होती. दोन गाड्या एकमेकीला घासल्या आणि एक गरगरा फिरली, तशी सगळी बाकड्यावर उभी राहिली. बशी फुटली कुणाची तरी. ड्रायव्हर बाहेर येऊन चालायला लागला, तसं सगळं खाली बसलं, जरा हिरमुसलंच. आणि मोने, उभं राहणाऱ्यात म्याबी हुतो.

तेव्हापासनं मन खातंय. त्या तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं मला बरोबर वाटतं. तिच्या बाजूनं बोल. आणि माझ्या प्रश्नाला तू उत्तर दिलं न्हायीस.

जपून ऱ्हा. आमचं ध्यान तिकडंच लागल्यालं असतं.

तुझा,
मामा


जळकोट
२१ जानेवारी २०२५

चि. मोनिका हिस आशीर्वाद.

आमी टीव्हीवर बगितलं. तुझी आईबी ह्या खेपेला आली हुती. त्या पाण्याच्या धुरळ्यात तुझी गाडी शिरली आणि मग काय दिसलं न्हाय. तुझ्या टीममधल्या माणसानं फोन करून सांगितलं, की तुझ्या मनगटाला आणि बरगडीला लागलंय, जिवाला धोका न्हाय. त्या तुझ्या मैत्रिणीचं इचारलं तर म्हणाला, दवाखान्यात हाय. त्याच्या आवाजावरनं तुझी आई समजली.

तुझा भाऊ सकाळच्या गाडीनं आईला घेऊन तिकडं निघालाय. हे पत्र तिच्याच हाती देतोय. म्याबी निघत हुतो, पण तुझी आई न्हाय म्हणाली. का न्हाय म्हणाली ते मला कळलं.

दोन वळी तरी लिही. दुसऱ्याच्या हातनं लिहून घेतलंस तरी चालल.

मामा


बंगळूर
१० फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

हात प्लास्टरमध्ये आहे, अक्षर वाकडं येतंय. आई शेजारीच बसलीय. ती म्हणते नको लिहूस. मला लिहायचंय.

शाहिस्ता पुढून सुटली होती, मी मागून. निम्मी रेस झाल्यावर पाणी सोडलं. त्या वळणावर तिची गाडी फिरली आणि ट्रॅकवर आडवी थांबली. झेंडेवाल्यानं धोक्याचा पिवळा झेंडा हलवला, पण पुढच्या गाड्यांच्या तुषारांत तो मला दिसला नाही. मी तेव्हाच दोन गाड्या मागं टाकून आत घुसले होते. तिची गाडी दिसली तेव्हा वळवायला जागा नव्हती. खडी असती तर तिकडं गेले असते. तिकडं माणसं बसली होती. तुम्ही विचारलं होतं ना, पडणाऱ्याच्या खाली काय असतं. डांबर, मामा. आणि मी.

तिसऱ्या दिवशी ती गेली. तिची नानी नसीमबी आली होती, तिनंच हिला लहानाची मोठी केलेली. नानीनं माझ्या प्लास्टरवरून हात फिरवला आणि दुखतंय का विचारलं. मग विचारलं, की बेटी, तू पुढं जात होतीस का. मी हो म्हणाले. ती मान हलवत राहिली, जणू मी गावाचं नाव सांगितलं.

पुढच्या रेसची तिकिटं आताच संपलीत. चौकातल्या फलकावर आमच्या दोघींच्या गाड्यांचा तो फोटो लागलाय, धूर निघतानाचा. साहेब परवा फळं घेऊन आले. चौकशी आहे. त्यांचं म्हणणं, शाहिस्तानं कारण नसताना ब्रेक मारला असं मी सांगावं. गेलेल्या माणसाला त्यानं काही फरक पडत नाही आणि माझी जागा राहते, असं फार मायेनं समजावून गेले. पाणी, खडी आणि मागून सुटायच्या नियमाबद्दल मात्र बोलायचं नाही.

आई म्हणते, घरी चल, कुणाला काही सांगू नकोस. मला काही सुचत नाही. तुम्ही सांगा.

तुमची,
मोनिका


जळकोट
२४ फेब्रुवारी २०२५

चि. मोनिका हिस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी म्या परंड्याला गेलो. घरी कुणाला सांगितलं न्हाय.

नसीमबी वट्यावर गहू निवडत हुत्या. म्या सांगितलं, मोनिकाचा मामा. जोराची गाडी मागं उभी करायची अक्कल माझी, हेबी सांगितलं. सूप बाजूला ठेवलं त्यांनी आणि बोलायला लागल्या. लई येळ बोलल्या. मधी एकदा रडल्या, एकदा हात वर केला. मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं न्हाय. यंत्र कोपरीच्या खिशात हुतं. दोनदा हात खिशापर्यंत गेला, पण आत घालायचा धीर झाला न्हाय. त्यांच्या तोंडाकडं बगत बसलो. शिव्या दिल्या का माफ केलं, मला आजबी ठावं न्हाय. उठताना त्यांनी आतनं पाण्याचा तांब्या आणून दिला. प्यालो. पाणी तर वैऱ्यालाबी देतात.

यंदाच्या यात्रेत जोडी लावायला दुसरा माणूस बगा, असं पंचांना सांगून टाकलंय. त्यांना वाटतं, म्हातारा रुसला.

तू मला इचारलंस, म्हणून सांगतो. माझा सल्ला एकदा ऐकून काय झालं ते तुला दिसतंय, तरी इचारलंस. मेलेल्या पोरीवर घालून आपली जागा राखू नकोस. पाणी, खडी, झेंडा, सगळं सांग. तू बैठकीत गप्प बसलीस तेबी सांग. माझं नाव निघालं तर निघू दे. जागा जाईल. जाऊ दे.

तुझी आई तिकडनं परत आल्यापासनं माझ्याशी बोलत न्हाय. तिला बोल लावू नको.

आमी हाय तुझ्या मागं.

मामा


बंगळूर
१३ एप्रिल २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

चौकशीत सगळं सांगितलं, गप्प बसले होते तेसुद्धा. समोरच्या तिघांनी शांतपणे लिहून घेतलं, एकानं मला पाणी हवं का विचारलं. निकाल मागच्या आठवड्यात आला. रेसमध्ये होतो तसा अपघात, कुणाचा दोष नाही. पाणी बंद केलंय. मागून सुटायचा नियम आणि नवा स्टँड तसाच आहे, कारण लोकांना तो आवडतो, असं त्यांनी लिहूनच दिलंय. माझा करार वाढवला नाही. नियमाला धरून सगळं झालं, भांडायला जागा नाही.

शाहिस्ताची पेटी मी परंड्याला नेऊन दिली. नानीला तुमच्याबद्दल विचारायचं मनात होतं. त्या काय बोलल्या ते तुम्हाला कळवता आलं असतं. पण विचारलं नाही. मला त्यांना ते पुन्हा बोलायला लावायचं नव्हतं.

माझ्या जागेवर समृद्धी नावाची मुलगी आलीय, नगरकडची. एकोणीस वर्षांची. पहिल्याच रेसमध्ये मागून सुटून तिसरी आली. काल तिचा फोन आला. अहो-जाहो करत, भीत भीत विचारत होती, की ताई, त्या वळणावर तुम्ही आत कशा घुसत होता, ब्रेक कुठं सोडत होता.

आधी वाटलं फोन ठेवून द्यावा. मग वाटलं, तिला म्हणावं, सोड हे सगळं आणि घरी जा. म्हणालेही तसं. ती नम्रपणे ‘हो ताई, हो ताई’ करत राहिली, मोठ्यांचं बोलणं संपायची वाट बघतात तशी. मग मी तिला सांगितलं. ब्रेक कुठं सोडायचा, आतली कड कुठं खरखरीत आहे, पुढच्याच्या मागं किती चिकटायचं. तुषार उडत असतील तर घुसायचंच नाही, हे तीन वेळा सांगितलं. न सांगून ती थांबणार नव्हती. ती कागदावर लिहून घेत होती, मला पेनाचा आवाज येत होता.

ठेवताना मी विचारलं, घरी कोण कोण असतं. ती एकदम मोकळी होऊन सांगायला लागली. आई, आजी, दोन धाकटे भाऊ, आणि आजी टीव्हीवर हिची गाडी ओळखते म्हणून. मी ऐकून घेतलं सगळं. विचारायला नको होतं.

मी येतेय जळकोटला, कधी ते अजून ठरलं नाही. आईशी तुम्ही आपणहून बोला. ती बोलेल. तुमच्यावर माझा राग नाही, हे कागदावर लिहून ठेवते.

तुमचीच,
मोनिका