बंडूच्या पथ्यपाण्याची व्यवस्था

मी, कमळाकर विष्णू आठल्ये, वय अडुसष्ट, धंदा पेन्शन, राहणार सी.बी.डी. बेलापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल ज्यांना शंका असेल त्यांनी एकदा माझ्याशी पत्ते खेळून पाहावे. हर्नियाचे ऑपरेशन करून मी नुकताच घरी आलो आहे आणि मला मरणाची मुळीच घाई नाही. परंतु माझा कुत्रा बंडू याला सगळे अन्न सोसत नाही. माझ्यामागे त्याला कोण शिजवून घालील हे ठरल्याशिवाय मला स्वस्थ झोप लागणार नाही. सबब हा खटाटोप.

कलम १. सिडकोकडून घेतलेले राहते घर माझी एकुलती मुलगी सौ. स्मिता हिला मिळावे. बँकेतली शिल्लकही तिलाच. मात्र त्यातून बंडूच्या खाण्याचा खर्च आधी भागवावा. खुद्द बंडू स्मिताला देऊ नये. ती त्याच्यावर जीव टाकते, हेच त्याचे कारण.

कलम २. वरील कलम तिला लागेल, म्हणून खुलासा करतो. गहू, दूध, अंडे किंवा कोंबडी यांतले काहीही पोटात गेले की बंडूच्या अंगावर गांधी उठतात आणि तो पोट खाजवून खाजवून रक्त काढतो. मुंबईच्या डॉक्टरांनी सगळे बंद करून एकेक जिन्नस देऊन पाहिला, तेव्हा तांदूळ, लाल भोपळा आणि मासे एवढेच निभावले. आमच्या घराण्यात मासळीला कोणी हात लावल्याचे ऐकिवात नाही. मी साठी उलटल्यावर जवळच्या दिवाळे गावातल्या जमुना कोळणीकडून बोय मासा ओळखायला शिकलो. बोय बिनमिठाचा उकडावा. निवल्यावर बोटांनी चाचपून एकूण एक काटा काढावा आणि मऊ भात-भोपळ्यात कालवावा. कांदा, लसूण, फोडणी काही नको. तुम्ही चव कशी पाहता, असे लोक मला विचारतात. मी पाहत नाही, बंडू पाहतो.

कलम ३. लाल ऑइलपेंटची खूण केलेले पातेले, वातीचा स्टोव्ह आणि काटे काढताना लावायचा माझा जाड भिंगाचा चष्मा ही बंडूची मालमत्ता समजावी. हे सर्व गॅलरीत असते. लाल खुणेचे पातेले चुकूनही स्वयंपाकघरात नेऊ नये, माझी कै. पत्नी सुमेधा हिने बंडूला घरात आणले तेव्हाच ही हद्द आखून दिली होती, आणि तिची हद्द ओलांडायची छाती मला अजूनही होत नाही.

कलम ४. माझ्या श्राद्धाबद्दल. सुमेधाच्या वर्षश्राद्धाला भटजी म्हणाले, पानातला एक वाटा कुत्र्याला गेलाच पाहिजे. मी पथ्य सांगू लागलो तर स्मिता म्हणाली, "एवढ्याशाने काय होतंय, बाबा? आजच्या दिवशी तरी नाही म्हणू नका." बंडूने दुधाची खीर आणि रव्याचा लाडू क्षणात संपवला. दिवेलागणीला त्याचे तोंड सुजून डोळे मिटले. स्मिता रडू लागली, "आईचं काहीतरी मागे राहिलंय!" भटजींनी लगेच शांत सुचवली. सुमेधाचे काही राहिले असते तर तिने मला तोंडावर सुनावले असते. कुत्र्यामार्फत निरोप पाठवणाऱ्यांतली ती नव्हती. तरी माझ्या श्राद्धाला बंडूच्या वाट्याला बिनमिठाचा भात-भोपळाच ठेवावा. कोणी शास्त्र काढले तर त्याला बंडूचे पोट दाखवावे.

कलम ५. वरच्या मजल्यावरच्या गिरजाबाई रोज शेवटची पोळी कुत्र्यासाठी काढतात आणि ती बंडूलाच घालतात. पुण्य त्यांना, गांधी बंडूला. त्यांना माझा पोळ्यांचा पितळी डबा द्यावा. त्याचे झाकण फार घट्ट बसते.

कलम ६. आता मुख्य मुद्दा. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी श्री. नंदकिशोर घळसासी हे समोर राहतात. बोय शिजू लागला की ते दारात उभे. "आठल्ये, काय टेन्शन आहे हे! सोसायटी आहे की मासळीबाजार? माझ्या घरात देव आहेत." मी म्हणायचो, देव माझ्याही घरात आहेत, त्यांनी अजून तक्रार केलेली नाही. यावर आमचे बोलणे बंद झाले.

ऑपरेशनच्या वेळी स्मिता माझ्यापाशी इस्पितळात होती, म्हणून नाइलाजाने बंडूला गिरजाबाईंच्या हवाली केले. परतल्यावर काय पाहावे लागेल या धास्तीने मी जिना चढलो, तर बंडू धडधाकट, कातडी स्वच्छ. गिरजाबाई मात्र फुरंगटलेल्या. "त्या घळसासींनी माझी पोळी परत पाठवली हो! म्हणे, सोसायटीच्या परवानगीशिवाय कुत्र्याला काही घालायचं नाही. आणि कुत्राच उचलून नेला!"

बाकीचे जमुनाने सांगितले. "काका, तुमचा त्यो चिडका शेजारी रोज येत व्हता, नाकाला रुमाल बांधून. पयल्या दिशी माशाला हात लावना. मंग काटं कसं काढाचं त्ये मना इचारलं, आन् हितंच बसून शिकला."

हे ऐकून माझे डोळे भरून आले. येथे लिहून ठेवतो, कारण त्यांना तोंडाने सांगणे मला जमणार नाही.

सबब बंडू, कलम ३ मधील मालमत्तेसह, श्री. घळसासी यांस द्यावा. बंडूवर माया करणारे पुष्कळ आहेत. त्याच्यासाठी दुसऱ्यांना नाही म्हणणारा हा एकच निघाला. त्यांच्या देवांना त्रास नको म्हणून बंडू हयात असेपर्यंत माझी गॅलरी त्यांनी वापरावी. स्मिताने हरकत घेऊ नये. वासाबद्दलचे आमचे भांडण मात्र या कलमाने मिटले असे कोणी समजू नये.

हे मृत्युपत्र वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमक्ष सही केली.

कमळाकर विष्णू आठल्ये

साक्षीदार:
१. रोहिदास कोळी, दिवाळे (जमुनाचे यजमान)
२. सुचित्रा टिपणीस, तळमजला

स्थळ: बेलापूर
दिनांक: ४ डिसेंबर १९८७

स्वीकृती: कलम ६ वाचले. मान्य. मात्र आठल्ये यांनी घाई करू नये. बोयचे बारीक काटे मला अजून सगळे सापडत नाहीत.
— नं. घळसासी, सेक्रेटरी