धम्मप्रियाचे केस

चि. धम्मप्रिया,

सात रस्त्याजवळच्या आपल्या पार्लरात मी आता फक्त कुरळ्या केसांचं काम करते. पन्नाशीत नव्यानं शिकले. का, ते तू विचारशील म्हणून तुला सांगितलं नाही.

आज एक बाई मुलीला घेऊन आली. "लई झिपऱ्या वाढल्यात, बारीकच करून टाका," म्हणाली. मुलगी आरशात बघेना. मी केस ओले केले, कंडिशनर लावून बोटांनी हळूहळू गुंता सोडवला. तासाभरात बटा मोकळ्या झाल्या. मुलगी म्हणाली, "आई, हे माझेच हायत व्हय?"

मला तू आठवलीस. सातवीत, गॅदरिंगच्या दिवशी मी तुझे कुरळे केस कोरडेच ओढून विंचरत होते. तू रडायला लागलीस, तशी मी रागानं कात्री चालवली. पार्लरवालीच्या पोरीचं डोकं असं, लोक काय म्हणतील, एवढंच मनात होतं. तू नाचायला गेलीच नाहीस.

पुण्याहून तू फोटो पाठवतेस. केस अजून बारीकच असतात. मी "छान" एवढंच लिहिते. तुला ते तसेच आवडतात, की माझ्यामुळं वाढवत नाहीस, हे विचारवत नाही.

हे पत्रही मी पाठवणार नाही. तू खरं सांगशील, त्याचीच भीती वाटते.

तुझी,
आई