छाटातलं पुस्तक

गुरुजी, काल मायची पत्र्याची पेटी उघडली. नातीला शाळेतल्या कसल्याशा प्रदर्शनासाठी जुनी वस्तू हवी होती. पेटीच्या झाकणाला आतून भाताच्या खळीनं चिकटवलेलं तुमच्या लेखाचं कात्रण अजून तसंच आहे, फक्त जर्द्याच्या रंगाचं झालंय. पणजीचं बोलणं एकदा पेपरात छापून आलं होतं, हे आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना पाठ आहे. पोरीनं ते कात्रण मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, "आजी, पणजीचं वाक्य यात कुठाय?" मी तिला चहा टाकायला पाठवलं आणि वही घेऊन बसले. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. राग अजून आहे, एवढं आधीच सांगून ठेवते.

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं आणि आपण सगळे मध्यप्रदेशात. सालेकसाच्या जंगलातली तेंदूची पानं रेल्वेनं यायची, आणि आमच्या मोहल्ल्यातल्या कौलारू कारखान्यात वीस-पंचवीस बाया मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या. माय त्यातलीच. मी तुमच्या हाताखाली सातवी झाले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. मला ते काम कधी जमलं नाही. पान कापताना कैचीनं बोट कापायचं, जर्द्यानं शिंका यायच्या, आणि संध्याकाळी तपासणारा माझ्या बिड्या चिमटीत दाबून, पोकळ लागल्या की बाजूला फेकायचा. त्या फेकलेल्या ढिगाला छाट म्हणत. माझं अर्धं सूप छाटातच जायचं. मग तुम्ही सट्टेदाराकडे, म्हणजे कारखान्याच्या ठेकेदाराकडे गेलात आणि म्हणालात, ही पुस्तकं वाचून दाखवेल, बाया गप्पा मारणार नाहीत, काम जास्त होईल. तो म्हणाला, "पढ़ने दो, मगर हाथ नहीं रुकना चाहिए." त्या दिवसापासून प्रत्येक बाई आपल्यातल्या थोड्या बिड्या माझ्या नावानं टाकायची आणि मी भिंतीशी पाटावर बसून वाचायची. माझी बोटं बरी झाली. त्या पाटाचं मला किती अप्रूप होतं ते तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

तुम्ही सांभाळायचात त्या वाचनालयात नवी पुस्तकं पार्सलनं आली की पहिलं माझ्या हातात पडायचं. पानं जोडलेली असायची, ती कापायला तुम्ही मला बांबूची सुरी तासून दिली होती. नागपूरच्या एका साप्ताहिकात तुम्ही नव्या पुस्तकांवर लिहायचात, कोणतं घ्यावं, कोणतं सोडावं. "विद्वानांचं विद्वान बघतील," तुम्ही म्हणायचात, "ज्याला दिवसभर काम आहे, त्याला मला सांगायचंय." असा वाचक आमच्या कारखान्यातच बसलेला होता, म्हणून दर गुरुवारी शाळा सुटल्यावर तुम्ही दारात स्टूल टाकून बसायचात. बाया पुस्तकाला बिडीसारखं चिमटीत धरायच्या. "भरलं आहे" म्हणाल्या की चांगलं. "छाट आहे" म्हणाल्या की विषय संपला. तुम्ही वहीत उतरवून घ्यायचात आणि पुढच्या अंकात त्यातलं बरंचसं तुमच्या शुद्ध भाषेत यायचं. आम्हाला त्याचं केवढं भूषण! एकदा एक रडकी कथा मी मुद्दाम नाकात वाचली, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर झापलंत. "आपलं मत आवाजात घालायचं नाही. छापलंय तेवढंच वाचायचं. ऐकणाऱ्याचा विश्वास असतो आपल्यावर." मी मान खाली घातली.

मग ती कादंबरी आली. नायिका बिड्या वळणारी, म्हणून बाया हौसेनं ऐकायला बसल्या. पहिल्याच प्रकरणात ती झाडाची हिरवी पानं तोडते आणि तिथेच सावलीत बसून बिड्या वळते. "हिरव्या पानाची बिडी पेटन तरी का वो?" एकीनं विचारलं आणि दोन दिवस नुसतं हसण्यात गेले. तिसऱ्या दिवशी ती नायिका तापानं फणफणलेलं लेकरू झोपडीत टाकून सट्टेदाराच्या पोराबरोबर जत्रेला जाते. लेकरू मरतं. आणि लेखक म्हणतो, तंबाखूत हात घालून घालून या बायकांची मायाच सुकून गेलेली असते. मी ते वाचलं. मत न घालता वाचलं. कोपऱ्यात बसायची त्या बाईचं लेकरू मागच्याच पावसाळ्यात गेलं होतं, सूप मांडीवर असतानाच तिला निरोप आला होता. तिनं कैची खाली ठेवली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. सट्टेदार आतून ओरडला, "हाथ क्यों रुका?"

गुरुवारी तुम्ही आलात. मायनं सुपातून मान वर केली नाही. "लिवून घ्या गुरुजी. ज्यानं हे लिवलन, त्यानं बिडी ओढली असन, वळली नसन. छाट आहे हे."

तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात. म्हणालात, असं वाक्य मला जन्मात सुचलं नसतं. कोपऱ्यातल्या बाईनं विचारलं, "खरंच छापता का जी?"

"असंच्या असं छापतो. शब्द देतो."

अंक आला तेव्हा मी वाचनालयात उभ्या उभ्याच वाचला. कष्टकरी स्त्रीचं इतकं हुबेहूब चित्र अलीकडे आलेलं नाही, असं तुम्ही लिहिलं होतं. घरोघरी असावं असं पुस्तक म्हणे. आणि त्याखाली, आमच्या गावच्या बिड्या वळणाऱ्या भगिनींनी हे पुस्तक ऐकलं आणि त्यांना अश्रू आवरेनात, आपलंच जीवन कोणी लिहिलंय असं त्यांना वाटलं. गुरुजी, पुस्तक तुम्हाला मनापासून आवडलं असतं तर माझी तक्रार नव्हती. आवडीनिवडीवरून कोणी कोणाला धरत नाही. तुम्ही आम्हाला आमच्याच विरुद्ध साक्षीला उभं केलंत. केसानं गळा कापणे, वाक्यात उपयोग करा, असं तुम्हीच फळ्यावर लिहायचात. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

मी अंक तुमच्या टेबलावर ठेवला. तुम्ही चष्मा पुसत राहिलात. "माझ्या लेखांचं बाड त्याच प्रकाशकाकडे दोन वर्षं पडून आहे," तुम्ही म्हणालात. "या जगात थोडं सांभाळून घ्यावं लागतं, पोरी." आणि मग हळू आवाजात, "त्या बायांना कुठे वाचता येतं?" हळू का होईना, बोललात. मी अंक उचलला, बाहेर येऊन वाचनालयाच्या पायरीवर रडले, आणि कोणी बघत नाही ना, हेही बघितलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात एकही सूप हलत नव्हतं. "वाच वो," माय म्हणाली, "केव्हाची वाट पाहून राहिलो आमी. काय लिवलन गुरुजीनं?" मी अंक उघडला. पान सापडलं तरी उलटत राहिले. "काऊन थांबली?" तिनं विचारलं. मग मी वाचलं. "आमच्या गावच्या एका बिड्या वळणाऱ्या बाईचं मत आम्ही तिच्याच शब्दांत देतो. ज्यानं हे लिहिलं त्यानं बिडी ओढली असेल, वळली नसेल. वाचकांनी या पुस्तकात वेळ दवडू नये." डोळ्यांसमोर अश्रू आवरेनात ही अक्षरं होती आणि आवाज कुठे अडखळला नाही. बाया टाळ्या वाजवायला लागल्या. माय लाजून सुपात जर्दा चाळत बसली. कोपऱ्यातली बाई म्हणाली, "अजून एकडाव वाच." दुसऱ्यांदा मला घाम फुटला, कारण आता माझंच मला शब्द न चुकता आठवायचं होतं. ती पदरानं डोळे पुसत होती. तुम्ही छापलेले अश्रू असे आले, गुरुजी.

पुढच्या गुरुवारी मायनं तुमच्यासाठी घरून गुळाचा चहा करून आणला. "शब्द पाळला जी तुमी," ती म्हणाली, "आमच्यासारखीचं कोन छापते?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. एका नजरेत सगळं कळलं तुम्हाला. मला वाटलं, आता बोलाल, निदान मान खाली घालाल. तुम्ही म्हणालात, "तुमचा हक्कच होता तो," आणि चहा बशीत ओतून सगळा प्यायलात. छापलं त्याचा राग एखादेवेळी गेला असता. त्या चहाचा गेला नाही.

तुमचं पुस्तक त्या प्रकाशकानं काढलं. तुम्ही मला सही करून दिलंत. त्याची पानं मी आजवर कापली नाहीत, बांबूची सुरी त्याच्या शेजारीच ठेवलेली आहे. काही वर्षांनी तुमची तिरडी मोहल्ल्यातून गेली तेव्हा सगळ्या बाया सुपं खाली ठेवून रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. हात थांबले म्हणून त्या दिवशी सट्टेदारही ओरडला नाही. माय म्हणाली, "असा मानूस होने नाही." मी तिच्या शेजारी उभी होते. तिच्यासाठी मी गप्प राहिले, असं पुढे स्वतःला सांगत आले.

तसं नव्हतं. तुमची अब्रू राखायला नाही, मायचं मन राखायलाही नाही. खरं ते वाचलं असतं तर बायांनी त्या दिवसापासून कुठल्याही पुस्तकाचं नाव काढू दिलं नसतं, आणि मला पाटावरून उतरून पुन्हा बिड्या वळाव्या लागल्या असत्या. मला बिड्या वळायच्या नव्हत्या, एवढंच.

हे पत्र वहीतच राहील. नात चहा घेऊन आली आहे आणि पुन्हा तेच विचारते आहे, पणजीचं वाक्य कुठाय. मी तिला सांगितलं, ते दुसऱ्या पानावर होतं, ते पान हरवलं.