मार्ग्रितला आणायला, दोन खिंडींवरून

रविवार, ७ जुलै

मार्ग्रितला ओबररीडला जाऊन आज तीन आठवडे. बहिणीकडे, एल्सबेथकडे, गवतकापणीच्या मदतीला गेली आहे. एल्सबेथचं कुरण रुमालाएवढं. तीन आठवडे काय कापतायत देव जाणे. जाताना हिवाळी कोट, शिवणयंत्र आणि आईचा फोटो घेऊन गेली. माझी बायको पहिल्यापासूनच काळजीखोर.

दुपारी सॉसेज उकडलं. फुटलं.

बुधवार, १० जुलै

बेनेडिक्ट भेटला. शेजारी. चीज करतो, आणि गावच्या बचावपथकाचा प्रमुख आहे म्हणून सगळ्यांचं सगळं आपल्याला ठाऊक असलंच पाहिजे असं समजतो. म्हणाला, काय रे काश्पार, मार्ग्रित ओबररीडला जागा घेतेय म्हणे, चर्चच्या मागे. एकोणीसला दुपारी करारावर सही. मी म्हटलं, शिवणयंत्र ठेवायला हवी असेल. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, हो ना, हल्ली शिवणयंत्राला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर लागतंच.

जळतो, दुसरं काय. याची बायको घोरते.

रविवार, १४ जुलै

फोन केला. एल्सबेथने उचलला. मार्ग्रित बाहेर गेलीय म्हणाली. मागून मार्ग्रितचा खोकला ऐकू आला. मी म्हटलं, थांबतो. अकरा मिनिटं थांबलो. शेवटी आली.

म्हणाली, लग्नाआधी दर रविवारी दोन खिंडी ओलांडून यायचास. आता खुर्चीतून उठून स्वयंपाकघरापर्यंत येत नाहीस. चौतीस वर्षं मी त्या घरात एकटीच बोलतेय. मी म्हटलं, पण मी ऐकत होतो ना. फोन कट झाला. डोंगरातल्या लाइनी, भरवसा नाही.

संकल्प: गुरुवारी ओबररीडला जायचं, खिंडींवरूनच. बसने चार तास, दोनदा बदलायची. एकोणतीस वर्षं पोस्टाची पिवळी प्रवासी बस चालवली, मला कोण शिकवणार? पण बसने काय, कुणीही जातं. खिंडीवरून आलेला नवरा दारात उभा राहिला की कोण बाई सही करायला जाईल?

बुधवार, १७ जुलै

तयारी पूर्ण.

वेळ: चौकातल्या पाटीवर ओबररीड आठ तास चाळीस मिनिटं लिहिलंय. पाट्या शहरातल्या झुरिकवाल्यांसाठी असतात. ती माणसं वाटेत फुलांचे फोटो काढतात. सव्विसाव्या वर्षी मी पाच तासांत जात असे. आता अनुभव वाढलाय, म्हणून साडेपाच. वर चहापाण्याला ढील.

बूट: माळ्यावर सापडले. बारा वर्षं खोक्यात, नवे कोरे.

गुडघा: चार दिवसांत एकदाही दुखला नाही. चार दिवस बसूनच होतो, पण ते वेगळं.

सराव: घराचा जिना दोनदा. दुसऱ्यांदा कठडा धरला, मजबूत आहे का बघायला.

भेट: नासपतीचा केक. तिचा आवडता.

गुरुवार, १८ जुलै

पहाटे ५.००. निघालो. हवा स्वच्छ. बेनेडिक्टच्या खिडकीखाली मुद्दाम शीळ घातली.

८.५०. निवारा. पाटीवर अडीच तास, मला पावणेचार लागले. पाटी चुकीच्या जागी लावलीय. तक्रार करणार.

निवारा सांभाळणाऱ्या सेराफिनाने वही पुढे सरकवली. येणाऱ्याने नाव, कुठून, कुठे, ते लिहायचं. माणूस हरवला तर पथकवाले आधी ही वही उघडतात. मी ठळक अक्षरांत लिहिलं: हिंटरबाखहून ओबररीड, दोन्ही खिंडींवरून, एकटा. पोचणार दुपारी अडीचला. (चहापाण्याची ढील जरा वाढवली.) ‘एकटा’खाली दोन रेघा.

ती म्हणाली, दुसऱ्या खिंडीत बर्फ आहे अजून, जपून जा रे. दोन हजार मीटरच्या वर सगळ्यांनी एकमेकांना अरे-तुरे करायचं ही आमच्याकडची जुनी रीत. रीत चांगलीच आहे. पण पोरगी बावीस वर्षांची आहे.

तिला म्हटलं, ओबररीडला फोन करून सांग, अडीचला येतो. तिने माझ्यासमोर केला. मार्ग्रितने दोनदा विचारलं, खरंच? काश्पार? चालत? मग म्हणाली, खिंडीच्या पायथ्याशी येऊन उभी राहते.

उभी राहते! स्वतःहून म्हणाली. पळतच सुटलो असतो, पण गुडघा आहे.

११.४०. पहिली खिंड सर. खाली तीन तळी, एकाखाली एक. पस्तीस वर्षांपूर्वी इथेच बसून तिला काय काय बोलायचं ते घोकायचो. आज घोकायला बसलो तर पहिलं वाक्यच सुचेना. बहुतेक भूक असेल. निम्मा केक खाल्ला. ओझंही कमी झालं.

१२.३०. खालचं तळं. इथून वाट दुसऱ्या खिंडीकडे पुन्हा वर चढते. डाव्या बुटाने आ वासला. तळ एका बाजूने सुटलाय. पट्टा काढून बांधला. बारा वर्षं न वापरलेला बूट असा वागतो म्हणजे काय! हल्ली डिंकसुद्धा प्रामाणिक राहिला नाही.

२.३०. मधलं तळं. आता मी ओबररीडला असायला हवा होतो. ती उभी असेल.

उजव्या बुटाचा तळ अख्खा निघाला, तळ्याच्या काठी पडलाय. मोजा आणि खाली खडे. एक मुलगी जाताना थांबली. काय रे, बरा आहेस ना? मी म्हटलं, तळं बघतोय. ती म्हणाली, तळं तुझ्या मागे आहे.

उरलेला केक संपवला. ताकद हवी.

४.१०. दुसरी खिंड. म्हणजे खिंडीखालचा बर्फ. तीनदा चढलो, तीनदा घसरून परत तिथेच. वरून धुकं उतरतंय. माथा शंभर पावलांवर आहे, त्याच्या पलीकडे उतार, आणि उताराच्या शेवटी ती. शंभर पावलं! देवा, एवढी एक खिंड पार कर, पुढे जन्मात काही मागणार नाही.

चौथ्यांदा घसरलो. हाताचं साल निघालं. रडलो. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येतं हे खरं, पण आत्ता वारा नाही.

४.५०. निर्णय. मधल्या तळ्यावरून एक वाट धरणाच्या रस्त्याला उतरते. खाली जायचं, उद्या पहाटे ६.१० ची बस पकडायची, दहाच्या सुमारास तिच्या दारात. सही दुपारी आहे. पायात हेच बूट घालीन, म्हणजे खिंडीवरून आल्यासारखं वाटेल. माघार नव्हे, वेळापत्रकात बदल.

तिला कळवणार कसं? घरात मोबाइल एक, तो ती घेऊन गेली. असो. माझ्या उशिराची तिला सवय आहे.

रात्री ८.००. घरी. धरणाच्या रस्त्यावर एका झुरिकच्या जोडप्याने गाडीत घेतलं. पायाला रुमाल बांधून दिला, चॉकलेट दिलं. माणसं चांगली. निवाऱ्यावर फोन करायचाय का, असंही विचारलं. कशाला उगाच, म्हटलं.

बेनेडिक्टला दिसू नये म्हणून गोठ्याच्या बाजूने घरात शिरलो. खिडक्या बंदच ठेवल्या, दिवाही लावला नाही. पाय गरम पाण्यात. फोन वाजतोय. खिजवायला बेनेडिक्टच असणार. वायर काढली.

८.३०. तळ्यांच्या बाजूला हेलिकॉप्टर. कुणीतरी मूर्ख अडकलेला दिसतोय. झेपत नाही तर जाऊ नये माणसाने. आपण मजा करायची आणि घरच्यांनी जीव टांगणीला लावून बसायचं.

झोपतो. ६.१० ची बस.

शुक्रवार, १९ जुलै, सकाळी ११.००

६.१० ची बस चुकली. पाय जमिनीला टेकत नव्हता. पुढची ९.४० ची, म्हणून कॉफी करून बसलो होतो.

आठला दाराला किल्ली लागली. बेनेडिक्ट आत आला, गुडघ्यापर्यंत चिखल. माझा एखादा वापरलेला शर्ट न्यायला आला होता, शोधकुत्र्याला वास द्यायला. मी पाव कॉफीत बुडवत होतो.

त्याने वॉकीटॉकी तोंडाशी नेला आणि म्हणाला, सापडला. पलीकडून विचारलं, कुठे? तो म्हणाला, स्वयंपाकघरात. रात्रभर छत्तीस माणसं मला शोधत होती म्हणे. मग तो गेला. एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच्या मागे मार्ग्रित उभी होती. किल्ली तिचीच.

काल पाचपर्यंत ती खिंडीच्या पायथ्याशी थांबली. मग सेराफिनाला फोन केला. वहीत माझ्या अक्षरात सगळं होतंच. पथक या बाजूने निघालं. ती थांबली नाही. एल्सबेथची काठी घेतली आणि दुखऱ्या कमरेने, धुक्यात, तिकडून चढली. मला जी जमली नाही ती खिंड तिने ओलांडली. अंधार पडता पडता मधल्या तळ्याशी पोचली आणि काठावर तिला माझ्या बुटाचा तळ सापडला. पुढे पाणी.

म्हणाली, मला वाटलं तू आत आहेस. पथक येईपर्यंत तिथेच बसले. तुझ्या नावाने रडून घेतलं काश्पार, पोटभर. चांगलं आठवलं, वाईट आठवलं, सगळं. आता काही उरलं नाही.

मी म्हटलं, पण मी जिवंत आहे.

म्हणाली, बघतेय ना.

मी खुर्चीतून उठलो, तिच्यासाठी कॉफी केली. साखर किती ते विचारावं लागलं. तिने उभ्यानेच घेतली, कप धुऊन ठेवला. दुपारी सही आहे, ९.४० ने निघते म्हणाली.

मार्ग्रित गवत कापायला गेली नव्हती. मला सोडून गेली होती. जूनमध्येच. मला ते माहीत होतं. इथे लिहिलं नाही इतकंच.

लंगडत स्टॉपपर्यंत गेलो. ती मला सांभाळून हळू चालत होती. बस आली. दार उघडल्यावर विचारलं, रविवारी येऊ का? बसने येईन, नक्की येईन.

ती पायरीवर थांबली आणि म्हणाली, कशाला?

रागाने नाही. खरंच विचारत होती. ड्रायव्हरने थोडा वेळ वाट पाहिली आणि दार लावलं.