गाठ बघणारी

प्रिय अंजे,

तुझ्या सासऱ्यांची दोन पत्रं आली. पहिल्या बाळंतपणाला पोरीला कधी नेता, एवढंच दोन्हींत. मी उत्तर दिलं न्हाई. आता देते. अक्षर वाकडं हाय, पण मास्तरांकडून लिहून घेतलं असतं तर पुढचं सांगता आलं नसतं.

दिवाळीनंतर तलवाड्यात उंदीर मरून पडायला लागले, पिलेग आला आणि सगळा गाव रानात झोपड्या घालून राहिला, हे तुला कळलंच असंल. तहसीलच्या डॉक्टरला बाया हात लावू देईनात. परक्या पुरुषाला बगल कोण दाखवंल? मी विधवा, तोंडाची फटकळ, म्हणून ते काम माझ्या गळ्यात आलं. रोज सकाळी शे-दीडशे बायापोरींच्या बगला, जांघा चाचपायच्या. गाठ लागली की तिला ओढ्यापलीकडं आजाऱ्यांच्या झोपड्यांत धाडायचं. तिथून डॉक्टरच्या हुकमाशिवाय परत यायला बंदी. पहिले आठ दिवस मी झोपडीत येऊन रडायची. मग ते थांबलं. बरं झालं म्हटलं, काम तरी उरकतं.

तुझ्या लग्नात जात्यावर बसलेली छबुबाई आठवते का? तिच्या बगलेत केसतूड झालतं. मामी, चार दिवस झाले ठणकतंय, केसतूडच हाय, असं ती सांगत होती. सगळ्याच काहीतरी सांगतात. धाडली तिला. तिसऱ्या दिवशी ते फुटलं, नुसता पू. डॉक्टर बीडला गेलता. तो येईस्तोवर तिला तिथंच खरी गाठ आली. तिला जाळलं त्या दुपारी मी दोन भाकरी खाल्ल्या आणि राहिलेल्या झोपड्या तपासल्या. डोळ्यांतून टिपूस न्हाई. अजून न्हाई. तिचा नवरा समोर आला तर मी वाट सोडत न्हाई, तोच सोडतो.

आता साथ सरली, गाव परत घरांत आलाय. परवा शेजारच्या कडूबाईच्या नातवाचं बारसं झालं. पोर मांडीवर दिलं, तशी माझी बोटं सरळ त्याच्या बगलेत. माझं मला कळलं न्हाई. कडूबाई म्हणाली, "तपासतीस काय गं, तोंड बघ की त्याचं आधी." बाया हसल्या. मी तोंड बघितलं. पण पोर गोरं का सावळं, हे आज विचारशील तर मला सांगता यायचं न्हाई.

म्हणून लिहितेय. आधी वाटलं, तुझं तिकडंच होऊ दे म्हणून कळवावं. पण पहिलटकरीण माहेरी यायची सोडून कुठं जाईल? पंधरा दिवसांत गाडी धाडते. बाळाला न्हाऊ घालायचं मी कडूबाईला सांगून ठेवलंय. आजी नातवाला हात कावून लावत न्हाई, असं लोक विचारतील. तू गप बसायचं. आईला आनंद झाला न्हाई असं तुलाही वाटंल, तर ते खरंच हाय, अंजे, मला काहीच होत न्हाई. पण एखाद्या दिवशी मी आपणहून बाळ मागितलं, तर द्यायचं का न्हाई ते तू ठरव. न्हाई म्हणालीस तरी चालंल.

तुझीच,
आई