तासाभराचं जगदलपूर

बाई प्रज्ञा,

तू आता बसमधी बसली असशीन. फोनवर जे बोलता नाई आलं, ते लिहून राहिलो.

तुले जगदलपूरच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, तेव्हा आईनं विचारलं होतं, पोरगी किती दूर चालली? मी मोबाईलवर पाह्यलं. नागपूर ते जगदलपूर विमानानं तासभर, असं लिहून होतं. तेच तिले वाचून दाखवलं. ती हसली. "मंग सौसरच्या मावशीएवढीच दूर हाय न."

तिचं दुखणं वाढलं तसा मी तिकिटाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणे, "काका, तिथून नागपूरले सरळ विमानच नाई. ते नकाशावरचं अंतर हाय. बसनं रायपूर, मंग रेल्वे. एक दिवस अन् एक रात्र धरा."

हे आईले सांगाची माही हिंमत झाली नाई. तुले बलावतो म्हटलं का ती माहा हात धरे. "थांबा जी. पोरीच्या सुट्ट्या काहून खराब करता? मी अगदीच थकली का बलवा. तासाभरात तर येते." वरून विमान गेल्याचा आवाज आला का तिले झोप लागे. तेवढीच तिची झोप.

आज दुपारी तिनं पाणीही घेतलं नाई. म्हणे, "आता लावा फोन."

लावला. तू रडतच निंगाली.

तिनं मले खाट दाराकडे फिरवाले लावली. तासभर होऊन गेला. आताच म्हणे, "पुलावर ऑटो दिसते का, पाहा न जी."

मी दारात जाऊन पाहून आलो.

तुहा बाबा,
सावरगाव